पाठीवरचं सहा किलोंचं बिऱ्हाड

शुक्रवार, ९ जानेवारी. परभणी

सकाळी सहा वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर वजनकाटा मांडून मी सुलभाची पिशवी रिकामी करत होते. सुलभा माझी धाकटी जाऊ. दोन रात्रींसाठी तिने काचेच्या बरणीत लिंबाचं लोणचं, पावडरीचा डबा, तीन कंगवे आणि उशी घेतली होती.

"तीन कंगवे कशाला?"

"एक हरवला तर, ताई."

"मग दुसरा?"

"तो तुम्हाला."

दोन कंगवे काढले. बरणी काढली. उशीवर थोडी वादावादी झाली, उशीही काढली. माझी पिशवी भरली सहा किलो शंभर ग्रॅम आणि तिची सात किलोंना जरा कमी. शंभर ग्रॅमसाठी मी शेवटी सुईदोऱ्याचं रीळ उलगडून फक्त दहा हात दोरा ठेवला.

हा उद्योग कशासाठी, ते सांगते. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात आठ बायका आहेत. फेब्रुवारीत सह्याद्रीत तीन रात्रींची डोंगरवाट चालायची, निवारा आणि शिधा स्वतःच्या पाठीवर न्यायचा, असं ठरलं. माझा ट्रॅक्टरची हुडं शिवायचा छोटा कारखाना आहे. कापड, दोरी, कड्या यांच्याशी रोजचा संबंध. म्हणून निवारा आणि अडीअडचणीचं सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं. गटाच्या पुढारी मंदाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अट घातली, "आधी तुम्ही दोघी जावा एक रात्र उघड्यावर काढून दाखवा. छपराखाली झोपलात तर ती रात्र मी धरणार नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत निकाल कळवा, नाहीतर मी देवदर्शनाची बस ठरवते."

गेल्या वर्षीची ती बस मला आठवते. बाथरूमच्या रांगेत मी जितका वेळ उभी राहिले तितका एकाही देवापुढे राहिले नाही. तेव्हा एक रात्र उघड्यावर काढणं भागच होतं.

उमेदवार दोन. सुलभाने मागवलेला तयार तंबू: नारिंगी, घुमटाचा, चारही बाजूंनी बंद, चेनचं दार, वजन दोन किलो नऊशे. आणि मी छत्रीच्या कापडातून शिवलेलं छत: नुसता काळा चौकोन, दोन काठ्यांवर ताणायचा, बाजू उघड्या, दोऱ्यांसकट नऊशे ग्रॅम.

"ह्याला भिंती कुठायत?" सुलभाने विचारलं.

"भिंती घरी आहेत."

अडीअडचणीच्या सामानाची वेगळी थैली: शिट्टी, बॅटरी, काडेपेटी, सेफ्टीपिना, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, मीठसाखरेच्या पुड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आणि घडी घातली की मुठीत मावणारी चंदेरी चादर. ही चादर अंगाची ऊब अंगातच ठेवते, असं पाकिटावर लिहिलं होतं. पाकिटावरची बाई बर्फात बसून हसत होती.

देवगाव फाटा ते चारठाण्याच्या अलीकडे

देवगाव फाट्यावर उतरून चहा घेतला. हॉटेलातल्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी आमच्या पिशव्या आणि बूट नीट बघून घेतले.

"कुठं जायलाव?"

"चारठाण्याला. चालत."

"यष्टी जाती की."

"माहीत आहे."

"हुकली का?"

"नाही."

"मग नवस हाय?"

"नवसही नाही."

आजोबांनी कपातला चहा बशीत ओतला, विचार केला आणि बाकीच्यांना सांगितलं, "सर्वेवाल्या हायेत."

मी खुलासा करणार होते, पण सुलभाने माझा हात दाबला. तिचंच बरोबर निघालं. पुढे दिवसभर जो कोणी विचारेल त्याला "सर्वे" म्हटलं की समाधान होत होतं. एकच अडचण झाली. दुपारी एका विहिरीवर पाणी प्यायलो, तिथल्या माणसाने आमच्यासमोर उकिडवं बसून सांगायला सुरुवात केली की विजेची डीपी तीन आठवडे जळालेली आहे, ते लिहून घ्या. मी लिहून घेतलं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, कोणाला द्यावी कळत नाही.

वाट शेतांतून गेली. ज्वारी डोक्याच्या वर, कणसं भरत आलेली. तूर काढणीला आलेली, हरभरा घाट्यांवर. उत्तरेला डोंगरांची बुटकी रांग दिवसभर सोबत होती. तिच्याकडे बघून सुलभा दर तासाला "आता जवळ आली" म्हणायची. काळ्या रानातून चालायचं म्हणजे पायांना ढेकळं आणि भेगा. शहरातल्या मैदानावर रोज आठ फेऱ्या मारल्याचा उपयोग पहिल्या दोन तासांत संपला.

पाचच्या सुमाराला विहिरीजवळ एक कडुनिंब बघून आम्ही थांबलो. आधी सुलभाचा तंबू. खुंट्या बारीक ॲल्युमिनियमच्या. काळ्या मातीच्या भेगेत त्या लोण्यात सुरी जावी तशा जायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. चारपैकी तीन बसल्या तेव्हा डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेल्या एक आजी मागे उभ्या असल्याचं लक्षात आलं. त्यांचं नाव गिरजाबाई.

"काय करायलाव, माय?"

"तंबू लावतोय. आज इथंच झोपणार."

"कामून? घर न्हाई का तुमाला?"

"आहे. परभणीला."

"मग भांडून आलाव का घरी?"

"नाही, नाही. आम्ही दोघी जावा आहोत."

"जावा-जावा, आन् भांडण न्हाई?" गिरजाबाईंनी पेंढी खाली ठेवली. आता त्यांना खरंच रस वाटायला लागला होता.

मी बसवून सगळं सांगितलं. मंदाताई, बस, अट, छत, वजन. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग म्हणाल्या, "लय चांगलं हाय," आणि वाकून पहिली खुंटी उपटली.

"अहो आजी!"

"लेकीबाळी माझ्या रानात थंडीत पडल्या तर गावात मी त्वांड कसं दाखवू? तुमच्या त्या मंदाताईला म्हणावं, गिरजी न्हाई म्हणली."

दुसरी खुंटी त्यांनी उपटली, तिसरी आपणहून निघाली. अंधार पडायच्या आत आम्ही त्यांच्या चुलीपुढे होतो. गरम पिठलं, चुलीवरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. आमच्याकडे शहरात पाहुण्याला "अजून वाढू का?" विचारतात आणि पाहुणा "नको" म्हणाला की थांबतात. इथे विचारत नाहीत. तिसरी भाकरी ताटात पडताना मी हात आडवा धरला, भाकरी हातावर ठेवली गेली.

झोप उत्तम लागली. पत्र्याखाली. मंदाताईंच्या नियमाने शून्य रात्री.

शनिवार, १० जानेवारी. चारठाणा

निघताना गिरजाबाई म्हणाल्या, "थांबा, ओटी भरते."

हलकं सामान घेऊन चालण्याविषयी लिहिणाऱ्या कोणीही मराठवाड्यातल्या ओटीचा विचार केलेला नाही. शहरात आम्ही ओटी भरतो ती मूठभर तांदूळ, एक सुपारी, खण दिला तर दिला. इथे पाच ओंजळी ज्वारी, नारळ, गुळाचा खडा, खण, हळकुंड. दोघींना वेगवेगळी. शेजारणी दोन, त्यांनाही राहवेना, त्यांनीही भरली. नको म्हणायची सोय नाही. ओटीला नको म्हणणारी सवाशीण मी आजवर पाहिलेली नाही, आणि पहिली होण्याची माझी इच्छा नव्हती.

चारठाण्यात एका किराणा दुकानाच्या काट्यावर पिशव्या ठेवून बघितल्या. माझी: अकरा किलो. दोऱ्याचं रीळ उलगडून वाचवलेले शंभर ग्रॅम आठवून मला हसूच आलं. सुलभाची बारा.

"उशी आणली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली.

गावातली जुनी देवळं बघितली. काळ्या दगडाचे कोरीव खांब आणि एक उंच नक्षीदार स्तंभ. दगडावर दगड, मध्ये चुना दिसत नाही. सुलभाने मूर्तींचे फोटो काढले. मी सांधे बघत होते. इतकी शतकं हे नुसत्या वजनावर उभं आहे, आणि आपण खुंट्यांसाठी रडतो, असं मनात आलं. खरं सांगायचं तर मला पूर्ण यात्रेतलं हे एकच शहाणपण सुचलं.

दुपारी डोंगराच्या बाजूचा माळ धरला. जिंतूरच्या दिशेने, गाव दिसणार नाही अशी जागा शोधत. आज रात्र साधली नाही तर बस नक्की होती. रविवारी परत फिरायचंच होतं. चार वाजता एका टेकाडावर जागा मिळाली. खाली ज्वारी, वर बोरी-बाभळी, माणूस कुठे नाही.

इथे मुरूम. काळ्या रानात खुंट्या राहत नव्हत्या, इथे शिरत नव्हत्या. दोन वाकल्या. मग देवळाचे दगड आठवले. ओटीची ज्वारी खणांत बांधून सहा गाठोडी केली, नारळ जोडीने बांधले, आणि छताची प्रत्येक दोरी एकेका गाठोड्याला आवळली. छत ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं गेलं. मी मागे सरून बघितलं. काळं छत, कडेला हिरवी-लाल गाठोडी. एखाद्या लग्नात रुखवत मांडतात तसं दिसत होतं. सुलभाने तिचा नारिंगी तंबू शेजारी उभा केला आणि उरलेल्या गुळाचा खडा खाल्ला.

तेवढ्यात तिला बाभळीचा काटा लागला. बुटाच्या तळव्यातून आरपार.

"ताई, सामानाची चाचणी," ती एका पायावर उभी राहून म्हणाली. "शिट्टी वाजवू?"

"काट्यासाठी?"

"चाचणीच आहे ना. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा."

कोणी ऐकणारं नाही, असं समजून मी हो म्हटलं. निर्णय माझा होता. सुलभाने जोर लावून वाजवली. तीनदा. थांबली. पुन्हा तीनदा.

खालच्या ज्वारीत एकदम डबा बडवल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग "हुर्र्‍या! हुर्र्‍या!" ओरडत, काठ्या आणि विळे घेऊन माणसं टेकाड चढून धावत आली. पुढे एक पागोटेवाला गडी, मागे पदर खोचलेल्या पाच बाया. या भागात रानडुकरं पिकात घुसली की हाकारा करायला शिट्टी वाजवतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

"डुकरं कुठायत?" गड्याने धापा टाकत विचारलं. त्यांचं नाव दत्तराव. खालचं रान त्यांचं.

"डुकरं नाहीत," मी म्हटलं. "हिला काटा लागलाय."

एका बाईने डबा हळूच पाठीमागे धरला.

"काट्यासाठी सहादा?" दत्तराव म्हणाले.

त्यांची बायको सरूबाई पुढे आली. सुलभाला खाली बसवलं, माझ्या थैलीतली सेफ्टीपिन घेतली आणि मी चिकटपट्टीचं पाकीट फाडेपर्यंत काटा काढून तळहातावर ठेवला. "हे बगा तुमचं डुकर," ती म्हणाली. मग सगळ्या जणी जमिनीवर बसून हसल्या. आम्हीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

हसणं संपलं आणि दत्तराव म्हणाले, "चला. गुंडाळा. घरी चला."

"नाही," मी म्हटलं. "काल गिरजाबाईंनी उपटून नेलं. आज मी हलणार नाही." आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात: आजची रात्र इथे, नाहीतर बस.

"देवदर्शनाची बस?" सरूबाईने विचारलं.

"हो."

"मी गेल्ते त्या तसल्या बशीत. माय माय! तीन दिवस उलट्यांनी परेशान. देवाच्या दारात बी मी पिशवी धरूनच उभी." ती नवऱ्याकडे वळली. "ह्या बाया हितंच झोपतील."

"आन् काही झालं तर? जिम्मा कुणाचा?"

"माझा. मी बी हितंच झोपते."

"मग आमी काय घरी जाऊन करू?" उरलेल्या चौघींपैकी एक म्हणाली. चौघीही थांबल्या. कोणीतरी खाली जाऊन वाकळी घेऊन आलं, कोणी गोवऱ्या, कोणी कणसं. उजेड असेपर्यंत हुरडा भाजून झाला. गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकून, लसणाच्या चटणीबरोबर खाल्ला. सह्याद्रीसाठी सुलभाने आणलेली पाकिटातली सुकी खिचडी आम्ही चाखायला दिली. सरूबाईने एक घास खाल्ला, विचारपूर्वक गिळला आणि म्हणाली, "आजारी माणसाला बरी हाय."

आता उरले दत्तराव. बायको माळावर, घरी एकटं जायचं पटत नव्हतं, आणि सात बायकांत बसायचंही नव्हतं. ते मघापासून नारिंगी तंबूभोवती फिरत होते.

"ह्यात वारं कुठून यायलंय?"

"वारं येतच नाही, दादा," सुलभा अभिमानाने म्हणाली. "चेन लावली की बंद. बघा तर आत जाऊन."

दत्तराव पागोटं सांभाळत आत शिरले. सुलभाने चेन लावली. मी चंदेरी चादरही आत सरकवली, म्हटलं हिचीही चाचणी होऊन जाईल.

"ही काय लग्नाच्या मांडवातली चमकी का?" आतून आवाज आला.

"पांघरा. ऊब येते."

"मला पार्सल करायलाव का?"

ही शेवटची तक्रार. त्यानंतर चिवड्याचं पुडकं उघडल्यासारखा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग घोरणं सुरू झालं, आणि सुलभाच्या तंबूत सुलभालाच जागा राहिली नाही. ती निमूट माझ्या छताखाली आली. सात जणी एका ओळीत. भांडण एकच झालं: कडेला कोण झोपणार. ते मी आणि सरूबाईने दोन्ही कडा घेऊन मिटवलं.

रविवार, ११ जानेवारी. माळ

उजाडलं तेव्हा धुकं होतं आणि गवत ओलंचिंब. चेन आतून ओढल्याचा आवाज झाला, मध्येच अडकली, सुलभाने बाहेरून सोडवली. दत्तराव बाहेर आले ते डोक्यापासून ओले.

"रातभर पाऊस पडायलता," ते म्हणाले.

"पाऊस नव्हता, दादा."

"तुमच्याकडं नसल. माझ्याकडं पडायलता."

मी आत हात फिरवला. कापड आतून ओलं, थेंब लोंबत होते. माणसाचाच श्वास. बाहेर थंडी, आत दार बंद, वाफेला जायला वाट नाही. ती वर चिकटते आणि तुमच्यावरच गळते. सुलभाने स्वतः हात लावून पाहिला, चेनकडे पाहिलं, आणि म्हणाली, "खाली थोडी उघडी ठेवायला हवी होती." हे तिने मान्य केलं म्हणून मीही माझं मान्य करते: माझ्या छताखाली पहाटे वारं सरळ पायांवरून गेलं आणि गावातलं एक कुत्रं विचारल्याशिवाय आत आलं. ते माझ्या पायांवर झोपलं. उबेच्या बाबतीत ते चंदेरी चादरीपेक्षा सरस, आणि आवाज करत नाही. वाऱ्याच्या बाजूची कड जमिनीपर्यंत उतरवायची, हे मी वहीत लिहिलं.

बाकी सामानाचं मत असं. सेफ्टीपिना डझनभर घ्या. चादर घ्या, पण खरोखरच जीवावर बेतलं तरच उघडा. पाण्याच्या गोळ्या आम्हाला लागल्या नाहीत, सह्याद्रीत लागतील. खुंट्यांवर भरवसा ठेवू नका. चार रिकाम्या पिशव्या न्या, जागेवर दगड-माती भरा. शिट्टी उत्तम. सहा माणसं, तीही हत्यारांसह, पाच मिनिटांत. पण जिथे जाल तिथे शिट्टीचा अर्थ काय, हे आधी विचारून घ्या.

सामान बांधताना सरूबाई माझ्याजवळ येऊन छताची घडी घालू लागली. घडी घालता घालता म्हणाली, "आक्का, मी ह्या वयापर्यंत बाळंतपण सोडून कधी घराभायेर झोपले न्हाई. ती बस सोडा, तिथं काय झोप असती का. तुमी फेब्रुवारीत जायलाव, मला न्याल का?"

"डोंगर आहे. चालायचं आहे, सामान पाठीवर."

"रोज डोक्यावर नेते की."

दत्तराव पागोटं पिळत होते. "आन् माझी भाकर?"

"गिरणी गावात हाय, चूल घरात हाय," सरूबाई म्हणाली. "हात तुमच्याकडं हायेत."

मी तिला लगेच होकार दिला नाही. गटाचा प्रश्न होता. नंबर लिहून घेतला. निघताना तिने ओटी भरायला घेतली, तेव्हा मी तिला हात जोडले. तिने आमच्या पिशव्यांकडे पाहिलं, आणि पाच ओंजळींऐवजी पाच दाणे घातले. या प्रवासात माझ्या विषयाची जाण असलेली ती पहिली व्यक्ती.

जिंतूरच्या स्टँडवरून मंदाताईंना फोन लावला.

"छपराखाली झोपलात का?"

"नाही. माळावर."

"दोघीच?"

खोटं बोलायची सोय होती, पण सुलभाने पाच फोटो आधीच गटावर टाकले होते. "नाही. एका कापडाखाली सात जणी. एक गृहस्थ तंबूत, ते भिजले."

स्टँडवरचा भोंगा थांबल्यावर मंदाताईंनी विचारलं,

"नऊशे ग्रॅमच्या कापडाखाली सात?"

"हो."

"मग आपण आठ जणींना चार तंबू कशाला न्यायचे?"

"तेच म्हणते मी."

"कापड मोठं कर," मंदाताई म्हणाल्या. "आणि आत्ताच सांगून ठेवते, मी कडेला झोपणार नाही. मला मधली जागा."

मंदाताईंनी जागा निवडली, म्हणजे बस गेली. मी सरूबाईचं सांगितलं. "ती कडेला झोपेल का?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी कारखाना उघडला. मशीनवरचं अर्धवट हूड बाजूला ठेवलं, छत्रीचं कापड फरशीवर अंथरलं आणि आठ जणींच्या मापाने खडूची रेघ मारली. मग ती पुसली, हातभर पुढे सरकून दुसरी मारली, आणि कात्री चालवली.